आत्याची फाइल आणि डेन्मार्कचा कर

दुसऱ्याचा आयकर भरून मनापासून सुखी होणारी अख्ख्या इंदुरात एकच व्यक्ती आहे, आणि ती माझ्या वडिलांची चुलत बहीण आहे. मी डेन्मार्कच्या एका कंपनीचं काम इथे घरी बसून करते. परदेशी कंपनी इथला कर कापून देत नाही. तो वर्षातून चार हप्त्यांत आपला आपणच भरावा लागतो. मला त्याचा वैताग येतो, आत्याला मात्र वर्षात चार सण वाढल्यासारखं वाटतं. तिचं सगळं आयुष्य महूत गेलं. आजोबा पलटणीत, वडील पलटणीत आणि ही छावणीच्या हिशेब कार्यालयातून निवृत्त झालेली. हप्त्याच्या आदल्या दिवशी महूची बस धरून ती दारात हजर होते. कापडी पिशवीत फाइल, पट्टी आणि स्वतःचं पंचिंग मशीन. कॉम्प्युटरवरचा कागद तिच्या लेखी कागदच नसतो. छापून, भोकं पाडून दोऱ्यात ओवला की मग तो खरा. "बेटा, पहिले चलान दाखव, पोहे कुठं पळून नाही जात," असं म्हणत तिनं माझ्या कित्येक बशा गार केल्या आहेत. मल्हारगंजातल्या एका लग्नात तर, नवरामुलगाही परदेशी कंपनीत आहे असं कळल्यावर, आहेराचं पाकीट देता देता तिनं त्याला विचारलं, "ॲडव्हान्स टॅक्स भरला का, भिया?" त्या क्षणाचा फोटो अल्बममध्ये आहे. नवरी हसते आहे, नवरा नाही.

मी तिची अशी थट्टा करते खरी, पण तीन वर्षांपूर्वी ती नसती तर माझं काय झालं असतं, हा विचार अजूनही नकोसा वाटतो. बाबांना अर्धांगवायू होऊन वर्ष उलटलं होतं, आणि घरात आम्ही दोघंच. त्यातच कंपनीनं अचानक माझ्या पगारातून डेन्मार्कचाही कर कापायला सुरुवात केली. इथला चालूच होता. उरलेल्यात बाबांची औषधं आणि रोज घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टची फी भागेना. पगार बघणाऱ्या तिकडच्या बाईंनी कळवलं, की तुम्ही भारतातच राहता असं तुमच्या आयकर खात्याचं प्रमाणपत्र दोन महिन्यांत पाठवा, नाहीतर इकडे राहायला या किंवा नोकरी सोडा. मला रडू फुटलं. आत्या खुलली. "अगं, डेन्मार्कशी आपला करार आहे ना. एका पगारावर दोन जागी टॅक्स नाही लागत. मी बसमध्ये सगळा वाचून आले." व्हिडिओ कॉलवर ती त्या बाईंशी पूर्ण वेळ उभी राहून पलटणी इंग्रजीत बोलली. शेवटी त्या बाईही खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

मग मी वर्षभर इंदुरातच होते याचे पुरावे जमवणं आलं. पासपोर्टवर त्या वर्षीचा एकही शिक्का नव्हता. मला तेवढं पुरेसं वाटलं. "कोऱ्या पानानं काही साबित नाही होत," असं म्हणून ती बाबांच्या खोलीतून फिजिओथेरपिस्टची वही घेऊन आली. रोजचा व्यायाम आणि खाली हजर असलेल्या नातेवाइकाची सही, म्हणजे माझी. आत्यानं पट्टी लावून एकेक पान तपासलं. दोन दिवस सही नव्हती.

"इथं कुठं होतीस?"

"ताप होता. पलीकडच्या खोलीत झोपले होते."

तिनं ते माझ्याकडून समासात लिहून घेतलं. मग बाबांच्या उशाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "दादा, पोरीनं सालभर रोज सही केली रे." बाबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं वही जवळ ओढून घेतली.

प्रमाणपत्र आलं, तिकडची कपात थांबली, कापलेलंही परत मिळालं. आयकर खात्यात ती वही कुणी उघडली की नाही, कोण जाणे. पण बाबांची शेवटची दीड-दोन वर्षं मला त्यांच्याजवळ राहता आलं ते आत्यामुळे, आणि तिचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. आता कंपनी म्हणते, केव्हाही इकडे या, सगळी सोय करू. जूनच्या हप्त्याला आत्या आली, नव्या वर्षाचा कागद काढला आणि मान खाली घालूनच तिनं विचारलं, "यंदा किती दिवस इथं राहशील? टॅक्ससाठी विचारते."

"सगळेच," मी म्हटलं.

तिनं आकडा लिहिला, पण पेन्सिलीनं. कराच्या कागदाला तिनं कधी पेन्सिल लावलेली मला आठवत नाही.

"शाईनं लिही ना, आत्या."

"राहू दे, बेटा," ती म्हणाली. "जावंसं वाटलं तर बिनधास्त जा. मी खोडून टाकीन."