झोपेचं प्रात्यक्षिक

"झोपू का, बाई?" असं विचारून झोपणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या नर्सिंगच्या वर्गात मामा कॉटजवळ येऊन उभे राहायचे, वहाणा काढून जोडीनं भिंतीला लावायचे आणि शिकवणाऱ्या सिस्टरांना हा प्रश्न विचारायचे. सिस्टर मान हलवायच्या. मामा आडवे व्हायचे, टोपी काढून छातीवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. टोपी छातीवर कशाला, तर ती वरखाली होताना मागच्या बाकावरूनही श्वास मोजता यावेत म्हणून. ही सुधारणा त्यांची स्वतःची.

सत्तरचं दशक सरून ऐंशी साल लागत होतं. मुळशी तालुक्यातल्या एका लहान इस्पितळाला जोडून आमचा वर्ग होता. बारा मुली, एक सिस्टर, एक फळा, एक सांगाडा आणि मामा. मामा इस्पितळाचे शिपाई. माले गावाहून सकाळच्या एसटीनं यायचे, संध्याकाळच्या एसटीनं जायचे. सांगाड्याच्या तीन फासळ्या हरवल्या होत्या, त्यामुळे अख्खं असं साधन म्हणजे मामाच. रुग्णाला न उठवता चादर बदलायची तरी मामा, नाडी बघायची तरी मामा. रोज दुपारी तासभर.

सिस्टर शिस्तीच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पहिला नियम सांगितला होता, "रुग्णाच्या कॉटवर नर्सनं बसायचं नाही. कधीही नाही." तुम्ही कधी इस्पितळात राहिला असाल तर हा नियम कुणी पाळत नाही हे तुम्हाला माहीत असेल. आम्ही पाळायचो, कारण सिस्टरांच्या चपलांचा आवाज होत नसे.

'झोप आणि विश्रांती' हा त्यांचा लाडका धडा. झोप लागली की नाडी मंदावते, श्वास संथ होतो, स्नायू सैल पडतात. आधी हलकी झोप, मग गाढ, मग स्वप्नांची. स्वप्न पडत असताना मिटल्या पापण्यांखाली बुबुळं फिरतात. दिवसभराची झीज भरून निघते ती झोपेत. "झोपलेला माणूस काही सांगणार नाही," सिस्टर म्हणायच्या, "तुम्हाला बघून कळलं पाहिजे." मग एकेकीनं मामांजवळ स्टुलावर बसून दर दहा मिनिटांनी चार्ट भरायचा.

माझी पाळी आली. नाडी बघून मी मामांचा हात सोडला. झोपलेल्याचा हात सोडला की तो पडतो. मामांचा पडला नाही. आवाज न करता, अलगद चादरीवर जाऊन बसला. झोपलेला माणूस इतका सभ्य नसतो. मी पुन्हा उचलून सोडला. पुन्हा तोच सभ्यपणा.

खरेपणाच्या बाबतीत मी तेव्हा फार कडक होते, म्हणजे दुसऱ्यांच्या. चार्टवर ठसठशीत लिहिलं, 'जागा आहे.'

तास संपल्यावर मामांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"बाई, कागदावर काय लिवलंत?"

"तुम्ही जागे होतात, मामा."

"व्हय. जागाच असतोय."

"आणि आधीच्या तीन बॅच?"

"त्येंच्या टायमालाबी जागाच."

तीन बॅचच्या मुली या माणसावर झोप शिकून गावोगाव नर्स झाल्या होत्या.

मग त्यांनी सांगितलं. घरी बायकोला दमा. आडवी झाली की जीव कोंडायचा, नुसतं बसलं की मान पडायची. म्हणून रात्री दोघं पाठीला पाठ लावून बसायचे. ती रेलून झोपायची, हे टेकू.

"मी हाललो की ती जागी हुती," मामा म्हणाले. "आता हाडालाच जागायची सवय झाली. दिवसाबी झोप येत न्हाई. पर हितं तासभर पाठ टेकती. तेवढंच सपाट व्हायला मिळतंय बगा. सिस्टरांस्नी कळलं तर दुसऱ्याला आडवा करत्याल."

शिपायानं कामाच्या वेळी आणखी कुठं आडवं व्हायचं? मला माझ्या ठसठशीत अक्षराची लाज वाटली. 'जागा आहे' खोडलं. 'झोपला आहे' काही लिहवेना. धड्याचं नाव आठवलं आणि लिहिलं, 'विश्रांती घेत आहे.'

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी चार्ट वाचला. कॉटजवळ गेल्या, मामांचा हात वर उचलला आणि सोडून दिला. सिस्टरांनी वर ठेवलेला हात आपण कसा खाली घ्यायचा, म्हणून तो तसाच हवेत राहिला. छातीवरची टोपी हलायची थांबली.

"मामा," सिस्टर म्हणाल्या.

मामा डोळे उघडून उठायला लागले.

"उठायला कुणी सांगितलं? पडा." मग आमच्याकडे वळल्या. "झोप लागली नाही तरी नुसत्या पडण्यानं शरीराला आराम मिळतो. लिहून घ्या. आजपासून प्रात्यक्षिक दीड तास."

त्यांनी मला बाजूला घेऊन सगळं विचारून घेतलं आणि संध्याकाळी मामांना एक ठेंगणं टेबल आणि दोन उशा दिल्या. दम्याच्या रुग्णाला पुढ्यात असं टेबल देऊन उशीवर ओणवं टेकवतात. मामा ते डोक्यावर घेऊन एसटीत चढले. सकाळी मी विचारलं, "टेकल्या का मामी?"

"टेकली. पर थोड्या येळानं परत माझ्याकडं आली."

"का?"

"टेबल श्वास घेत न्हाई म्हनली."

पास झाल्यावर मी तिथंच नोकरीला लागले. दुसऱ्या वर्षी मामा गेले. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत आटोपलं. नर्सनं वॉर्डात रडायचं नसतं हेही सिस्टरांनीच शिकवलं होतं. मी वॉर्डात रडले.

तेराव्यानंतर आठवड्याभरात मामी दाखल झाल्या. इंजेक्शनानं दम उतरला, पण झोप लागेना. दम्यात झोपेची गोळी द्यायची नाही, म्हणून डॉक्टरांचेही हात बांधलेले. तीन दिवस बाई टक्क जागी. डोळे खोल गेले, हाताला कंप सुटला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आज झोपली नाही तर कठीण आहे."

टेबल पुढ्यात होतं, उशा होत्या. "मामी, टेका ना," मी म्हटलं.

"टेकले की. फुडं हाय समदं. मागं काय न्हाई."

दुपारची वेळ होती. मी चपला काढून जोडीनं भिंतीला लावल्या.

"बसू का, मामी?"

त्यांनी मान हलवली. मी कॉटवर चढले आणि त्यांच्या पाठीला पाठ लावली. इतकीशी बाई, पण रेलली तेव्हा तिचं वजन कळलं. तिचा श्वास माझ्या फासळ्यांना लागत होता. आधी तुटक, मग हळूहळू लांब. बऱ्याच वेळानं तिचा हात मांडीवरून घसरला आणि चादरीवर धपकन पडला.

सिस्टर कधी आल्या ते अर्थातच कळलं नाही. त्यांनी कॉटवर बसलेल्या नर्सकडे पाहिलं, भिंतीपाशी लावलेल्या चपलांकडे पाहिलं. मग चार्ट घेतला, काहीतरी लिहिलं, माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि निघून गेल्या.

'रुग्ण झोपली आहे. नर्स विश्रांती घेत आहे.'

माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या. पण मी हलले असते तर ती जागी झाली असती.