शुक्रवारची फायनल

तमाम भिवंडीकरांना, मग ते कामतघरच्या चाळीत असोत, दुबईच्या कॅम्पात असोत, नाहीतर माझ्यासारखे अमेरिकेत दारापुढचा बर्फ उपसत असोत, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की माझा आवाज गेला. ज्या आवाजाने एके काळी कॉलेजच्या मैदानावरून कल्याण नाक्यावरची कुत्री उठवली, तो इथल्या एका दवाखान्यात शांतपणे निवर्तला. डॉक्टरीणबाईंनी घशात कॅमेरा घालून पंचनामा केला आणि ओरडणं कायमचं बंद, असा निकाल दिला. त्याच्या पश्चात एक खरखर आणि बरेचसे हरलेले सामने असा परिवार आहे.

कुजबुजलं तर चालेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, कुजबुजणं तर आणखी वाईट, अगदीच गरज पडली तर नुसते ओठ हलवा. मी तिथेच हसत सुटलो. बाईंना वाटलं धक्का बसला. त्यांना काय माहीत, की नुसते ओठ हलवण्याचं शिक्षण मी कामतघरात पूर्ण करून आलो होतो.

भिवंडी सोडली त्या सकाळी टॅक्सी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आत येईना, कारण आत सुताच्या बाचक्यांची हातगाडी अडकली होती. दोन्ही बाजूंना लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू होते. ज्याने भिवंडी पाहिलेली नाही त्याला सांगतो, पत्र्याखाली शंभर लूम एकदम चालतात तेव्हा आवाज कानाने ऐकू येत नाही, तो दातांना लागतो. आमचे वडील तिथेच एका लूमवर मेहता होते, हिशेब लिहायचे. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून जन्मभराचा उपदेश केला, "तिकडे जरा कमी बोल. लोकांना कामं असतात." आईने तिळाचे लाडू दिले आणि सांगितलं, "पोचलास की फोन कर. आणि फोनवर बोंबलू नकोस, मधे तार असते."

बॅग टॅक्सीत ठेवली ती बाळारामने. तो पाळी संपवून तसाच आला होता, भुवयांवर कापसाचं तूस घेऊन. माझ्यापुढे उभा राहिला आणि काहीतरी बोलला. आवाज अजिबात नाही, फक्त ओठ. लूममध्ये कोणी घसा खर्च करत नाही. धोटा अडकला, सुताची कांडी संपली, मालक आला, मालकाचा मेहुणा आला, सगळं ओठांनी आणि बोटांनी सांगायचं. बाळारामचे ओठ म्हणाले, "ये रं परत." मीही ओठांनीच म्हणालो, "दोन वर्षांत." मग टॅक्सी निघाली.

आता बाळाराम कोण, ते सांगितलं पाहिजे. पडघ्याच्या आतल्या एका खेड्यातला. शिकायला म्हणून कामतघरात मामाकडे राहिला. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून मामाच्या ओळखीने लूमवर ड्युटी. कॉलेज आणि ड्युटी यांच्या मधे जो तासभर उरायचा त्यात तो कबड्डी खेळायचा. त्याच्यासारखा रेडर आमच्या कॉलेजने आधी पाहिला नव्हता, आणि त्याचं श्रेय कोणत्याही प्रशिक्षकाला नाही. दोन लूमच्या मधल्या बोळातून कोपर न लागू देता सरकायची त्याला सवय होती. कोपर लागलं तर कातडं जायचं. समोरची सात माणसं त्याला सात लूम वाटत असणार. तो अंग चोरून आत जायचा, एकाला शिवायचा आणि सुतासारखा बाहेर यायचा.

बाकीची टीम मात्र आमच्या परंपरेला जागणारी होती. आम्ही दर वर्षी हरायचो. मी खेळायचो नाही. माझे गुडघे लग्नाच्या वरातीतही नाचायला तयार नसत. पण मी फॅन होतो, आणि त्या कॉलेजला तीनच फॅन होते. मी, कँटीनवाला आणि फाटकाला कुलूप लावण्यासाठी थांबलेला शिपाई. खेळाडूची चिकाटी निदान कपाटात ठेवता येते, कप म्हणून नाहीतर प्रमाणपत्र म्हणून. फॅनच्या चिकाटीचं काय करायचं? तिच्यावर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या. माझं नाव तेव्हाच भोंग्या पडलं.

बाळारामच्या शेवटच्या वर्षी एक चमत्कार झाला. आम्ही आमच्या विभागाच्या फायनलला पोचलो. विद्यापीठाची टीम निवडणारे सर येणार होते. त्या टीममध्ये नाव आलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज करता येत होता. मामाने बाळारामला सांगून टाकलं होतं, की यंदा काय ते होऊ दे, नाहीतर कॉलेज पुरे आणि दोन्ही पाळ्या धर. मामा दुष्ट नव्हता. त्याच्या खोलीत सात माणसं झोपायची.

आणि इथे मी मैदानात उतरलो. भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारी. सामने व्हायचे भलत्याच वारी, म्हणून आमच्या बाजूने ओरडायला कोणी नसायचं. मी जिमखान्याच्या सरांच्या मागे लागलो, की फायनल शुक्रवारी घ्या, आणि आपल्याच मैदानावर घ्या. सर टाळत राहिले. मी त्यांच्या स्कूटरच्या मागे पळालो, त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या सासऱ्यांना पेपर वाचून दाखवला. शेवटी सर कंटाळले आणि शुक्रवार मिळाला. चिकाटीने काहीही मिळतं, हे मी तेव्हा सिद्ध केलं.

शुक्रवारी दुपारची नमाज सुटली आणि अख्खी कामतघर बाजू मैदानाकडे चालू लागली. आझमगडचे कारागीर, तेलुगू कारागीर, पडघ्याकडून टेम्पोत बसून आलेली बाळारामच्या गावची माणसं. कोणी तेलाचे रिकामे डबे आणले, कोणी लूमचे लोखंडी तुकडे आणले. मी खुर्चीवर उभा राहून या फौजेचं नेतृत्व करत होतो. असा आवाज त्या मैदानाने आधी ऐकला नव्हता. वाटत होतं, पत्र्याखालचे सगळे लूम उचलून कोणीतरी मैदानाभोवती लावलेत.

शेवटची रेड. आम्ही एका गुणाने मागे. बाळाराम आत गेला. डावीकडच्याला पायाने शिवला, उजवीकडच्याने कंबर धरली तर तीही सुटली, आणि पालथा पडून त्याने मधल्या रेषेला बोटं लावली. दोन गुण. आम्ही जिंकलो. मी खुर्चीवरून पडलो, कँटीनवाला माझ्यावर पडला.

पंचाने शिट्टी वाजवली आणि बाळारामला बाद दिलं. दम नाही, असं तो म्हणाला. मी याच्या मागेमागेच धावतोय, आत गेल्यापासून याच्या तोंडातून कबड्डीचा एक शब्द आलेला नाही.

बाळाराम पार गोंधळला. "मी बोलत व्हतो सर," तो म्हणाला, "आईची शपथ, बोलत व्हतो."

आणि मग जे झालं ते जगात फक्त भिवंडीतच होऊ शकतं. पाचशे माणसं मैदानात शिरली आणि एका सुरात साक्ष देऊ लागली, की लडका बोल रहा था, हमने अपनी आँख से देखा. मीही त्यात होतो, मीही पाहिलं होतं. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, त्याच्या ओठांवर शब्द काचेसारखा स्वच्छ दिसत होता. पंच बाहेरगावचा होता. त्याने घाम पुसला आणि विचारलं, "देखा ना? सुना क्या?"

पाचशे माणसं गप्प झाली. कारण ऐकलं कोणीच नव्हतं. आमच्यात ऐकायची पद्धतच नव्हती.

बाळारामने मला नंतर इतकंच सांगितलं, की आवाज वाढला तसं त्याला मैदान दिसेना, लूम दिसू लागला, आणि घसा आपोआप मिटला. विद्यापीठाचे सर चहा पिऊन गेले. निवड दुसऱ्याची झाली. आमच्या सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारून पुढच्या वर्षी बघू, असं म्हटलं. पुढचं वर्ष नव्हतंच, हे सर विसरले होते. सोमवारपासून बाळाराम दोन्ही पाळ्या करू लागला. काही वर्षांनी मी कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला आलो.

इथे मी ज्या गावात राहतो तिथल्या युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम दर वर्षी हरते, त्यामुळे मला करमायला वेळ लागला नाही. इथला फुटबॉल हाताने खेळतात आणि चेंडू सोललेल्या नारळाएवढा असतो. शनिवारी गेम डे. सकाळपासून पार्किंग लॉटमध्ये शेगड्या पेटतात, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकाच रंगाचे टी-शर्ट घालतात. माझ्या पहिल्याच सामन्यात आपली टीम चेंडू घेऊन उभी राहिली आणि मी खास कामतघरी आरोळी ठोकली. तर शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ओठांवर बोट. मी आजूबाजूला पाहिलं. हजारो माणसं गप्प बसली होती. गृहस्थांनी हळूच समजावलं, की चेंडू त्यांच्याकडे असला की वाट्टेल तेवढं ओरड, पण आपल्याकडे असला की गप्प बसायचं. आपल्या पोरांना एकमेकांचं ऐकू आलं पाहिजे.

मी तो सामना बघितलाच नाही. मी त्या गप्प बसलेल्या माणसांकडे बघत राहिलो. इतकी साधी गोष्ट, आणि ती कळायला मला सातासमुद्रापलीकडे यावं लागलं. इथे भिंतीभिंतीवर चिकाटीची पोस्टरं असतात, डोंगर आणि खाली वाक्य. ती वाक्यं म्हणणारे सगळे जिंकलेले असतात. हरलेल्याकडे माईक कोणी नेत नाही. बाळारामने जेवढी चिकाटी दाखवली तेवढ्यात इथल्या लोकांनी दोन डोंगर चढून पोस्टर छापलं असतं. त्याला मिळाला लूमच. मग लूमही भंगारात गेले आणि तो भिवंडीबाहेर दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये खोकी उचलायला लागला. तिथे त्याच्या निम्म्या वयाचा सुपरवायझर त्याला चिकाटी ठेवा काका, असं सांगतो.

दोन वर्षांत येतो म्हणालो होतो. मी आलोही, पंधरा दिवसांसाठी, चॉकलेटं घेऊन. वडिलांच्या वेळी आलो, आईच्या वेळी विमान उशिरा पोचलं. दर वेळी बाळाराम भेटायचा आणि दर वेळी मी घड्याळ बघायचो. कुठला, असं इथे कोणी विचारलं की मी मुंबई सांगतो. भिवंडी म्हटलं तर पुढे समजावून सांगावं लागतं.

गेल्या थंडीत कॉलेजने मला बोलावलं, प्रमुख पाहुणा म्हणून. विषय, खेळ आणि चिकाटी. मी खेळाडू नव्हतो हे आयोजकांना कळवलं, तर ते म्हणाले, सर, तुम्ही अमेरिकेत असता ना? जुन्या खेळाडूंचाही सत्कार होता. बाळाराम पहिल्या रांगेत शाल पांघरून बसला होता, शेजारी त्याची बायको. तिने मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "भावजी, त्यांचे कान पार गेलेत. बोलतात तवा स्वतःचाच आवाज कळत न्हाय त्यांना. घरात नुसते ओठ हलवतात, आमाला वाटतं गप हायत. आन बँकेत मनातलं बोलाया जातात तं अख्खी बँक ऐकते." मी हसलो. ती हसली नाही.

मी माईकपुढे उभा राहिलो, उरलेल्या खरखरीला मध-आलं पाजून. शुक्रवारची फायनल सांगितली. पंचाचा प्रश्न सांगितला तेव्हा सभागृह खो खो हसलं. मग मी प्रमुख पाहुण्याला शोभेल असा गंभीर झालो आणि म्हणालो, की हरलो तरी उभं राहायचं, वाट सोडायची नाही, हीच ती चिकाटी. टाळ्या पडल्या. आणि शेवटी नाटक म्हणून मी अमेरिकेची ती रीत सांगितली, आणि विनंती केली, की त्या शुक्रवारी आपण बाळारामला जी द्यायला हवी होती ती शांतता आज सगळे मिळून देऊया.

सभागृह खरोखर गप्प झालं. पंखेसुद्धा कोणीतरी बंद केले. बाहेर रस्त्यावर लूमचा आवाज नव्हता, तो आता उरलेलाच नाही. पहिल्या रांगेत बाळाराम माझ्याकडे बघत होता. माझे ओठ वाचून त्याने सगळं भाषण ऐकलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मनात आलं, आपलं घर म्हणजे हेच, जिथे माझा आवाज गेला तरी माझं बोलणं कळणारा एक माणूस समोर बसलेला आहे. पुढच्या कार्यक्रमात हे वाक्य वापरायचं, असंही मी ठरवून टाकलं.

बाळारामचे ओठ हलले. जुन्या सवयीने, फक्त माझ्यासाठी, पत्र्याखाली असल्यासारखे. आपण नुसते ओठच हलवतोय, अशी त्याची खात्री होती. पण या वेळी घसा मिटला नव्हता, आणि मी मागून घेतलेल्या त्या शांततेत शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं:

"चिकाटी कोनाला सांगतस रं भोंग्या? तू रेड माराया गेलास तो परत आलासच न्हाय."