पाठीला पाठ लावून बसणाऱ्या नरसूबाई

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. पलीकडून नरसूबाईंची भाची बोलत होती. "काकू, मावशी गेल्या... सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत." मी नुसतं "बरं" म्हटलं. एरवी माझ्या तोंडाला कुलूप म्हणून नसतं. समोर माझी मुलगी उमा बसली होती. पन्नाशी ओलांडलेली उमा मेथीच्या काड्या एका मापाच्या तोडून फरशीवर ओळीने लावत होती. मी म्हटलं, "उमा, नरसूबाई गेल्या." तिने हातातली काडी ओळीत ठेवली, उठली आणि आतल्या खोलीत निघून गेली. त्यानंतर जे झालं ते मी शेवटी सांगणार आहे, कारण आधीचं सगळं सांगितल्याशिवाय ते कुणाला कळायचं नाही. आज या गोष्टीला सहा आठवडे झाले. रोज कागद पुढे घेते आणि रोज उठून दुसरंच काम काढते. आज मात्र बसलेच आहे.

उमा सहा वर्षांची झाली तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून पहिली संक्रांत येत होती. ती बोलत नव्हती. हाक मारली तर बघत नव्हती. जवळ घेतलं की अंग ताठ करायची आणि मनगट चावायची, कधी स्वतःचं, कधी माझं. आज अशा मुलांना स्वमग्न म्हणतात, त्यांच्यासाठी तज्ज्ञ आहेत, पुस्तकं आहेत. तेव्हा सोलापुरात आमच्याजवळ शब्द होते ते 'येडी' आणि 'देवाघरची', आणि दोन्ही ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण. पन्नास पोरांचा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणारी बाई म्हणून माझा दरारा होता, आणि पोटची पोर माझ्या नजरेला नजर देत नव्हती. आमचे हे होटगी स्टेशनवर नोकरीला. सुट्टी मिळाली की आम्ही तिघं गाडीत बसायचो आणि कुणी सांगेल त्या गावच्या, कुणी सांगेल त्या डॉक्टरांकडे जायचो. एकाने टॉनिक दिलं, एकाने जिभेखालची शीर कापायला सांगितली, एकाने मला विचारलं, "तुम्ही नोकरी करता का?" आणि मान हलवली. त्या मानेचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी दूरच्या एका संस्थेचा फॉर्म हातात ठेवला. तिथेच ठेवा, जूनमध्ये जागा होईल, तुम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करा, असं ते म्हणाले. फॉर्मवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आईला ओळखत नाही. इतरांच्या भावना समजत नाहीत.' खाली पालकांची सही हवी होती. मी केली. हे मी आजवर फार कमी लोकांना सांगितलंय. मी थकले होते, आणि छापील कागदावर जे लिहिलेलं असतं ते खरंच असतं असं मानणारी मी बाई. तो फॉर्म कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला आणि जूनपर्यंतचे महिने मोजायला लागले.

तरी एक शेवटचा प्रयत्न म्हणून आम्ही तिला मुक्या-बहिऱ्या मुलांच्या एका शाळेत दाखवायला नेलं. तिथल्या गुरुजींनी उमाच्या मागे उभं राहून घंटा वाजवली. उमा वळली नाही. पुन्हा वाजवली. त्यांनी वहीत 'बहिरी' असं लिहिलं आणि मी मान डोलावली. घरी स्टोव्ह पेटला की कान झाकून गच्चीवर पळणारी माझी मुलगी, आणि मी मान डोलावली! तेवढ्यात दाराशी उभी असलेली एक तरुण, सावळी, किरकोळ बाई म्हणाली, "गुरुजी, ही बहिरी न्हाय. आत्ता गिरणीचा भोंगा झाला बघा. आपल्या आधी हिनं कानावर हात ठेवले." गुरुजींनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ती त्या शाळेतली सगळ्यांत नवी शिक्षिका होती. आम्ही फाटकाबाहेर पडलो तर मागून धावत आली. "भवानी पेठेत घर हाय माझं. संध्याकाळी पाच वाजता घिऊन या की हिला. मला जमंल का ठावं न्हाय. पर बघू." इतक्या डॉक्टरांत 'मला ठावं न्हाय' म्हणणारी ही पहिलीच, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच मला ती अगदी कच्ची वाटली.

त्याच नरसूबाई. त्यांचं घर म्हणजे चार माग आणि त्यांच्या कडेने उरलेल्या जागेत संसार. माहेर तेलुगू विणकरांचं, दिवसभर खटाखट, खळीचा वास, हवेत सुताचे तंतू. आम्ही गेलो तेव्हा माग थांबलेले होते, फक्त त्यांचे वडील कोपऱ्यातला एक हातमाग चालवत होते. मागाच्या आवाजाने त्यांचे कान कधीच गेले होते, आणि त्यांच्यामुळेच ही मुलगी बहिऱ्यांची शिक्षिका झाली होती. मी जाताच माझी पद्धत दाखवली. उमाची हनुवटी धरली, तोंड वर केलं आणि म्हटलं, "उमा, इकडे बघ. आई म्हण." उमाने किंकाळी फोडली. नरसूबाईंनी माझा हात हलकेच बाजूला केला. "टीचर, मागावर बसलेल्या माणसाच्या समोर जाऊन आमी कधी बोलत न्हाय. त्याची नजर सुतावर असती. समोर गेलं की धागा तुटतो. आमी मागनं जातो अन् पाठीवर हात मारतो. एकदा मारला की चालू द्या, दोनदा मारला की पुरे. ही पोरगी बी मागावरच बसलीय. तुमी कशाला समोर नाचलालाव?" मी, चौदा वर्षं नोकरी झालेली मास्तरीण, नाचत होते म्हणे!

त्या उमाच्या पाठीला पाठ लावून बसल्या. बघणं नाही, बोलवणं नाही. हातात रहाट घेऊन कांड्या, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या छोट्या नळ्या, भरत राहिल्या आणि कसलं तरी तेलुगू गुणगुणत राहिल्या; हात मागे नेऊन उमाच्या पाठीवर एक थाप मारून सुरू करायच्या, दोन मारून थांबायच्या. मला त्यांनी सुताचा एक गुंता दिला. "हे सोडवा. अन् तोंड बंद." आठवड्यातून चार दिवस हेच. तीन आठवडे मी गुंते सोडवले, आणि एके दिवशी माझाच धीर सुटला. "मी पोरीला शिकवायला आणते, तुमच्या कांड्या भरून घ्यायला नाही!" असं ओरडून मी उमाचं मनगट धरलं आणि तिला ओढत रस्त्याने घरी आणलं. ती भर रस्त्यात लोळली, मला चावली, लोक बघत राहिले. नरसूबाई दारात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन मी चहा टाकत होते. पाच वाजायला आले होते. मागे वळून पाहिलं तर स्टोव्ह चालू असूनही उमा दारात उभी, कानांवर हात. पायात चपला. उजव्याची डाव्यात आणि डाव्याची उजव्यात, पण स्वतः घातलेल्या. जिला घराबाहेर काढताना रोज युद्ध व्हायचं, ती माझी मुलगी कुठेतरी जायचं म्हणून दारात उभी होती... मी स्टोव्हची हवा सोडून तो विझवला, अर्धा कच्चा चहा मोरीत ओतला आणि तिला घेऊन निघाले. वाटेभर माफीची वाक्यं जुळवली. नरसूबाईंनी ती बोलूच दिली नाहीत. त्या थोड्या सरकल्या आणि सतरंजीवर जागा करून म्हणाल्या, "आज तुमी बसा. पाठीला पाठ लावा. अन् काय तरी म्हणा हळूहळू. काय येतं तुमाला?"

मला काय येणार? पाढे येतात. मी उमाच्या पाठीला पाठ लावली. तिचा मणका मला लागत होता, श्वास कळत होता. सहा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यापासून सुटायची धडपड करत नव्हती. मी सुरू केलं, "बे एके बे, बे दुणे चार..." बे पंचे दहा झालं आणि माझ्या पाठीवर इवल्या हाताच्या दोन थापा पडल्या. मी बिचकून थांबले. नरसूबाईंनी डोळ्यांनीच दटावलं, गप्प राहा. मग एक थाप. मी घाईघाईने "बे सक बारा!" म्हटलं. परत दोन थापा. परत गप्प. परत एक. असं किती वेळ चाललं कोण जाणे, उमा मला सुरू करत होती आणि बंद करत होती, आणि मग माझ्या पाठीला तिची पाठ हलताना जाणवली. ती हसत होती. आम्ही सगळे तिला 'दे' म्हण, 'ये' म्हण, 'आई' म्हण म्हणून मागे लागलो होतो. नरसूबाईंनी तिला पहिला शब्द दिला तो 'पुरे'. जिला कुणी कधी पुरे म्हणू दिलं नव्हतं, ती चावणार नाही तर काय करणार? आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी गप्प बसले नव्हते.

पुढचे महिने झपाट्याने गेले. चावणं थांबलं. एक थाप, दोन थापा ही भाषा आता घरातही सगळ्यांना ठाऊक झाली. कांडी भरून झाली की उमा ती आणून माझ्या हातात द्यायला लागली. आणि मे महिन्यात ते घडलं. सासूबाई मैंदर्गीच्या, त्यांचं अर्धं बोलणं कानडी आणि सगळं बोलणं मोठ्याने. त्या दिवशी आमचे हे होटगीहून येऊन बसले होते, आणि सासूबाई त्यांना समजावत होत्या, "पाठीव की तिला त्या आश्रमात. देवाच्या मनात न्हाय तर आपण काय करायचं? मी तर म्हणते..." उमा खोलीतून आली, आजीच्या मागे गेली आणि पाठीवर दोन थापा मारल्या. सासूबाई वाक्याच्या मध्यावर थांबल्या. वळून बघतात तर नात उभी, कान झाकलेले नाहीत, मनगट चावलेलं नाही. "अय्यो! मला साकु म्हणतीस व्हय गं? साकु?" असं म्हणत त्या हसायला लागल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. साकु म्हणजे कानडीत पुरे; त्या घरात त्यांना तसं म्हणायची हिंमत माझी नव्हती, ह्यांची नव्हती. ह्यांनी उठून कपाटातल्या साड्यांखालचा तो फॉर्म काढला आणि अंगणातल्या बंबात घातला. "जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या, "पाणी तरी तापंल." त्या पाण्याने उमाला न्हाऊ घातलं. मी जिंकले होते... नाही, नरसूबाई जिंकल्या होत्या, पण त्या दिवशी मला फरक करता येत नव्हता.

उमा नवव्या वर्षी बोलली. आजही मोजकंच बोलते. शाळेत चौथीपर्यंत गेली, मग टॉवेलच्या एका कारखान्यात कांड्यांवर लागली आणि तीस वर्षं तिथे मान ताठ ठेवून काम केलं. तिने भरलेली कांडी कधी सैल निघाली नाही असं मुकादम सांगायचे. नरसूबाईंच्या सतरंजीवर पुढे कितीतरी मुलं बसली, होटगीची, अक्कलकोटची. 'स्वमग्न' हा शब्द आम्हां दोघींना बऱ्याच वर्षांनी कळला. मी तो त्यांना वाचून दाखवला तर म्हणाल्या, "असू दे की नाव. पोरगी तर आपल्याला आधीच भेटली." गेल्या दिवाळीत आम्ही फराळ घेऊन गेलो तेव्हा दोघी अर्धा तास पाठीला पाठ लावून बसल्या होत्या, आणि मी समोर बसून चकली खात होते. तोंड बंद ठेवून.

तर त्या दुपारी उमा आत निघून गेली. मी परत मेथीला हात घातला, आणि तेव्हा कुठे मला कळलं की नरसूबाई गेल्या. मग मात्र मला आवरेना. लहान मुलासारखी हमसून रडायला लागले, भाजी सगळी पसरली. उमाला मोठा आवाज सोसत नाही, रडण्याचा तर नाहीच, हे ठाऊक असूनही थांबता येईना. तेवढ्यात ती बाहेर आली. हातात नरसूबाईंची जुनी सतरंजी होती, त्यांनी तिला देऊन टाकलेली. तिने ती माझ्यामागे अंथरली, बसली आणि माझ्या पाठीला पाठ लावली. मी पदर तोंडात कोंबला आणि दोन थापांची वाट बघू लागले. आईला ओळखत नाही, इतरांच्या भावना समजत नाहीत, असं जिच्याविषयी लिहिलेल्या कागदाखाली मी सही केली होती, तिचा हात मागे आला.

पाठीवर एक थाप पडली. एकच.

मी पदर सोडला आणि पोटभर रडले.