उचलणाऱ्यांचा संप

चीअरलीडिंग म्हटलं की आमच्या बिल्डिंगमधले काका घसा खाकरतात आणि विषय बदलतात. त्यांच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला माहीत आहे, आणि ते त्यांचं त्यांनी बघावं. आमचं तसं काही नव्हतं. आमच्या हातात झुरमुळ्यांचे गोंडेसुद्धा नसायचे, कारण आमचे हात रिकामे लागायचे. आम्ही माणसं उचलायचो.

चौघींचा गट. दोघी समोरासमोर, गुडघे वाकवून, तळहातांची पायरी करून उभ्या, त्या बेस. तिसरी मागे, वरचीचे घोटे धरणारी आणि वरची पडली तर तिची मान-डोकं झेलणारी, ती स्पॉटर. चौथी त्या तळहातांवर उभी राहून हात पसरून हसणारी, ती फ्लायर. याच्या स्पर्धा होतात, परीक्षक मार्क देतात, आणि हसणं कमी पडलं तर मार्क कापतात. हे शेवटचं मी तेव्हाही अन्याय मानायचे आणि आजही मानते.

मी बेस होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि कॉलेजात संघटनेची पत्रकं लिहायचे: फीवाढ, मुलींच्या संडासाला कडी नसणे, असे विषय. दुसरी बेस विठ्ठलवाडीची, खांद्याने रुंद आणि तोंडाने त्याहून. स्पॉटर माजिवड्याची, उंच, फारसं न बोलणारी. आणि फ्लायर दहावीतली, माझ्यासारखी डोंबिवलीचीच, एवढीशी, जिला इंटरनेटवर बरेच लोक ‘परी’ म्हणायचे. आम्ही तिला ‘वरची’ म्हणायचो.

वरचीचं पेज तिची आई चालवायची. काकू बँकेत नोकरीला, नीटनेटक्या, बोलायला गोड. संध्याकाळी थेट बँकेतून यायच्या आणि पर्स ठेवायच्या आधी फोनचा स्टँड उभा करायच्या. पेजवर आम्हीही होतो. म्हणजे माझं मनगट असायचं. एका रीलमध्ये माझा अर्धा कान आहे, तो मी घरी सगळ्यांना दाखवला. विठ्ठलवाडीचीचं म्हणणं असं की तिच्या कोपराला जगभरात ओळख मिळाली, आता फक्त लग्नाला स्थळ यायचं बाकी आहे.

सराव डोंबिवलीतल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या छोट्या हॉलमध्ये चालायचा. कार्यालयाचा मालक आमच्या कोचचा मित्र. कोचला सगळे दादा म्हणायचे. दादा मूळचा कल्याणच्या गोविंदा पथकातला, थर लावण्यात हयात गेलेला माणूस. चीअरलीडिंग त्याने व्हिडिओ बघून शिकून घेतलं होतं. खाली लग्न असेल त्या दिवशी आम्ही गाणी न लावता, तोंडाने आकडे मोजत सराव करायचो. जिन्यातून मसालेभाताचा वास वर यायचा आणि उड्या मारणं जड जायचं.

आता मुद्द्याचं. माणसाचं वजन वजनकाट्याच्या आधी उचलणाऱ्याच्या मनगटाला कळतं. दिवाळीनंतर वरची हलकी व्हायला लागली. दिवाळीनंतर माणसं हलकी होत नाहीत, निदान डोंबिवलीत तरी नाही. मी विठ्ठलवाडीचीकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. तिच्याही मनगटाला कळलं होतं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. दिवाळीतल्या एका रीलखाली कोणीतरी, ज्याच्या स्वतःच्या फोटोच्या जागी मोटारसायकल होती, लिहिलं होतं: ‘परी जाड झाली का?’ खाली इतरांनी आपापलं मत दिलं होतं. या देशात मुलीच्या वजनावर मत द्यायला काहीच पात्रता लागत नाही, मोटारसायकलसुद्धा नाही. त्यातच मुलींच्या कपड्यांच्या एका ऑनलाइन दुकानाने वरचीला टॉप पाठवायला सुरुवात केलेली. फुकट, पण एकाच मापाचे. दुकानवाल्यांनी काकूंना लाडाने कळवलं होतं की माप हेच राहील ना, बघा. पंधरा वर्षांच्या मुलीचं माप हेच कसं राहील, हे विचारायला तिथे कोणी नव्हतं. मुलगी वाढते. वाढायचंच असतं तिला.

मग वरची डबा आणेनाशी झाली. नंतर डबा आणून तो माजिवड्याचीला द्यायला लागली. माजिवड्याची घोडबंदर रोडच्या गर्दीत बसमध्ये अर्धं आयुष्य काढून उपाशी यायची, तिने बिचारीने आधी खाल्ला. मग तिला कळलं आणि तिने घेणं बंद केलं.

एका संध्याकाळी वरची वर गेली, हात पसरले, हसली, आणि तशीच हसत रिकाम्या पोत्यासारखी मागे आली. माजिवड्याचीने तिला छातीवर घेतलं आणि दोघी गादीवर आपटल्या. वरची म्हणाली, पाय घसरला. पाय घसरला नव्हता. पाय माझ्या हातात होता. काकू त्या वेळी पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, त्यांनी पडणं बघितलं नाही. पेजवर रील आली ती हसण्यापर्यंतची. पुढचं कापताना त्यांना वाटलं असेल की आम्ही तिला ठरल्यासारखं खाली उतरवलं.

स्पर्धा महिन्यावर आली होती आणि दादाने वरचीला अजून उंच न्यायचं ठरवलं होतं, सरळ आमच्या खांद्यांच्या वर, आमचे हात ताठ करून. तिथून पडली तर माजिवड्याचीच्या छातीचा काय उपयोग. मी त्या रात्री झोपले नाही असं म्हणणार नाही, मी चांगली झोपते. पण सकाळी उठून पत्रक लिहिलं.

‘आम्ही खालच्या’ असं शीर्षक दिलं. मजकूर असा: ‘न जेवलेल्या मुलीला उचलणे म्हणजे तिला पाडण्यात सामील होणे. आम्ही सामील होणार नाही. वर जाणारी जेवत नाही तोवर खालच्यांचे हात खाली राहतील.’ सवयीने गठ्ठाभर झेरॉक्स काढल्या.

“अगं बाई, आपण चौघीच आहोत,” विठ्ठलवाडीची म्हणाली. “वाटणार कोणाला? गाद्यांना?”

त्या दिवशी खाली लग्न होतं. वर काकूंनी जाहीर केलेलं लाईव्ह होतं: परीचा नवा स्टंट, थेट. फोन स्टँडवर लावून झाला होता, चालूही झाला होता. दादा म्हणाला, चला, जागा घ्या. आम्ही तिघींनी भिंतीशी जागा घेतली आणि मांडी घालून, टेकून खाली बसलो. मी पत्रक दादाला दिलं, काकूंना दिलं आणि वरचीला दिलं.

मला वाटलेलं वरचीचे डोळे भरून येतील. तिने ते वाचलं, घडी केली आणि माझ्या अंगावर टाकलं.

“माझ्यावर पत्रक काढलंस. मला विचारलंस?”

मी म्हटलं, विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. ती म्हणाली, मग फीवाढीवाले आणि तू यांच्यात फरक काय. मी अंगावर पडलेलं पत्रक उचलून सरळ करत बसले. मग ती म्हणाली की तुम्ही सगळ्या जळता, तुम्हाला कोणी बघत नाही म्हणून. विठ्ठलवाडीची म्हणाली, माझ्या कोपराला बघतात. आणि मग वरचीसुद्धा रागाने धपकन खाली बसली, भिंतीला टेकून, आमच्याकडून तोंड फिरवून. काकू हळू आवाजात म्हणत होत्या, मुलींनो, लाईव्ह चालू आहे, हसा तरी. दादा डोकं धरून उभा.

नेमके त्याच क्षणी खालच्या लग्नातले वधूपिता, जेवायचं कोण राहिलंय ते बघत, दार उघडून आत आले.

फेटा थोडा कलला होता, कपाळावर घाम. त्यांना दिसलं ते असं: एकसारखे कपडे घातलेल्या चार मुली, तोंडं फुगवून, भिंतीला टेकून खाली बसलेल्या. एक बाई विनवण्या करतेय. एक पुरुष डोकं धरून उभा. लग्नघरातल्या माणसाला याचा एकच अर्थ लागतो. वरपक्ष रुसला.

त्यांनी हात जोडले. म्हणाले, तुमचा डान्स राहिला, ठाऊक आहे मला. आज गुरुजींनीच फार वेळ घेतला. पण अन्नावर राग काढू नका, मुलाकडची माणसं उपाशी गेली तर मी तोंड कुठे दाखवू.

आम्ही वरपक्षाच्या नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. मी तत्त्वाची मुलगी आहे. पण विठ्ठलवाडीचीने माझ्या मांडीला चिमटा काढला आणि अत्यंत दुखावलेल्या आवाजात म्हणाली, “काका, आम्हाला जेवायला चला असं कोणी म्हटलंच नाही हो.”

त्या माणसाचा चेहरा बघून मला तिचा खून करावासा वाटला. त्यांनी जिन्यातूनच हाका मारल्या, आणि दोन मावश्या वर आल्या, आणि पुढे आमच्या हातात काही राहिलं नाही. त्यांनी आम्हाला उठवलं, काकूंना विहीणबाईंच्या नात्यातल्या समजून दंडाला धरलं, आणि दादाला ‘मामा, तुम्ही पुढे व्हा’ म्हटलं. काकूंनी घाईघाईने फोन स्टँडवरून काढून हातात घेतला. लाईव्ह बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

वरचीच्या निग्रहाबद्दल मला आदर आहे. डब्याला, मला आणि अख्ख्या पत्रकाला तिने नाही म्हटलं होतं. पण पंगतीतला आग्रह ही वेगळी गोष्ट असते, तिथे भलेभले आडवे होतात. तिने पानावर हात आडवा धरला, तर मावशीने बोटांच्या फटीतून जिलबी सोडली. म्हणाली, “मुलाकडची ना गं तू? मग एक तरी. नाहीतर आमचे भाऊजी आज जेवायचे नाहीत.”

समोर वधूपिता उभे होते. खरंच जेवले नव्हते, दिसतच होतं. वरचीने त्यांच्याकडे बघितलं आणि जिलबी मोडून तोंडात घातली. त्या माणसाचे खांदे खाली आले. माझेही आले.

दुसरी तिने स्वतः मागितली. मसालेभातही मागितला. आम्ही तिघी पानात बघून जेवत होतो, कारण तिच्याकडे बघितलं तर ती थांबेल अशी भीती होती. मठ्ठ्याचा पेला संपवून तिने दादाला सहज सांगावं तसं सांगितलं.

“दादा, त्या दिवशी पाय नव्हता घसरला. मला वर काही दिसतच नव्हतं. सगळं पांढरं झालेलं.”

दादाचा घास हातात राहिला. काकूंनी फोन ताटाशेजारी पालथा ठेवला.

दादाने घास परत पानात ठेवला. मग तो जे म्हणाला ते आम्ही त्याच्याकडून याआधी शंभरदा ऐकलं होतं, पण बढाई म्हणून. पथकात तो लहानपणी सगळ्यात वरचा, हंडी फोडणारा. दुसऱ्या वर्षी उंची वाढली, एक थर खाली. मग अजून एक. मिसरूड फुटेपर्यंत तळाला. वाढलेल्याला वर ठेवायचं नाही, खाली घ्यायचं, हा पथकाचा साधा नियम, आणि त्यात कोणाचा अपमान नसतो. उलट खाली आलेल्याच्या खांद्यावर जास्त माणसं उभी राहतात. “हे मला ठाऊक होतं,” तो म्हणाला, “आणि मी तुला अजून वर पाठवत होतो. आजपासून तू खाली ये.”

“आणि पेज?” काकू म्हणाल्या. वाईट हेतूने नाही. तोंडातून गेलं.

“पेजला कुठे पडायचंय उंचावरून,” दादा म्हणाला.

 थोड्या वेळाने काकूंनी स्वतःच्या पानातली जिलबी उचलून लेकीच्या पानात ठेवली. लेकीने ती परत आईच्या पानात ठेवली. असं एकदोनदा झालं. शेवटी विठ्ठलवाडीचीने ती खाल्ली.

पुढचं थोडक्यात. मुलाकडच्यांना आम्ही मुलीकडच्या वाटलो, मुलीकडच्यांना मुलाकडच्या, आणि राहिलेला डान्स करूनच जा असा वधूपित्यांनी धरलेला हट्ट विठ्ठलवाडीचीने एकटीने पुरवला. निघताना त्यांनी आम्हाला नारळ दिले. बाहेर आल्यावर दादा परत आत गेला आणि त्यांना खरं काय ते सांगून आला. ते हसले म्हणे. म्हणाले, तरीच, खरा वरपक्ष इतक्या लवकर ऐकत नाही.

लाईव्हवर लोकांनी पालथ्या फोनचा अंधार बघितला आणि आवाज ऐकले. ‘सगळं पांढरं झालेलं’ हेही ऐकलं. काहींनी काळजीचं लिहिलं. मोटारसायकलवाल्याने लिहिलं, जिलबी किती खाल्ल्या. कपड्यांच्या दुकानाने टॉप पाठवणं बंद केलं. काकूंनी आधीचे टॉप घरच्या उशांना घातले, ते बरोबर बसले.

स्पर्धा घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरवाल्या वसाहतीच्या क्लबहाऊसमध्ये झाली. वर नवी छोटी, सातवीतली. वरची माझ्यासमोर बेस म्हणून उभी. विठ्ठलवाडीची मागे स्पॉटर, आणि माजिवड्याची पुढे उभी राहून आकडे मोजणारी. मोजताना तिचा आवाज पहिल्यांदाच सगळ्यांनी ऐकला, बराच मोठा निघाला. आम्ही सोपा स्टंट केला आणि हरलो. परतताना बसमध्ये वरची मनगट चोळत होती, मला म्हणाली, दुखतं गं हे, आधी का नाही सांगितलंस. मी म्हटलं, पत्रकात लिहिणार होते, जागा पुरली नाही.

पेजवर कोणीतरी विचारलं, परी कुठे दिसत नाही. तिने स्वतः उत्तर लिहिलं: ‘खाली बघा.’

आता सांगण्यासारखं एकच. त्याच्या पुढच्या आठवड्यात सराव सुरू होता. नव्या छोटीची आई दारात आली, छान हसली, आणि पर्समधून फोनचा स्टँड काढला. त्याचे पाय उघडून तो उभा केला, छोटीला म्हणाली, हनुवटी वर घे गं.

 मी या वेळी पत्रक काढलं नव्हतं. आम्ही नुसत्या खाली बसलो, मांडी घालून, भिंतीला टेकून, तोंडं फुगवून. सगळ्यात आधी वरची बसली.