हवालदारांचा एक पेग

१९७४ ची दिवाळी. कुपवाडला आमच्या कारखान्याच्या मालकांच्या घरी आम्ही चौघे होतो : मालक, त्यांचे मेहुणे, तुकाराम हवालदार आणि मी. बाटली एक होती. हवालदारांनी एकच पेग घेतला होता. हा आकडा मी आधीच लिहून ठेवतो, कारण त्या दिवशी मी तो खोटा सांगितला.

हवालदार कुंडलचे. फौजेत ऑफिसर मेस सांभाळण्यात वीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर ते आमच्या कारखान्याच्या गेटवर बसत आणि मी आत हिशेब लिहीत असे. महिन्यातून एकदा साताऱ्याच्या मिलिटरी कँटीनमधून ते आपली बाटली आणत आणि रोज संध्याकाळी मोजून एक पेग घेत. त्यांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, वडील दारूपायी गेले होते. लग्नानंतर हवालदारांनी त्यांना शब्द दिला होता, की दुसरा पेग कधी घेणार नाही.

तो एक पेगही ते लगेच पीत नसत. आधी नुसता वास घेत. मग चार थेंब पाणी घालून पुन्हा वास. "गड्या, व्हिस्की आदी नाकानं प्यायची," म्हणत. एकदा त्यांनी माझ्या तळहातावर दोन थेंब टाकले आणि हात चोळायला लावले. "आता हुंग. काय येतंय?"

"काकवीसारखं काहीतरी."

"व्हय! ही आपल्या उसाच्या मळीची. विलायती असती तर जवाचा वास आला असता, भिजवून वाळवलेल्या धान्याचा. काही तर धुरावर सुकवत्यात, तिला चुलीपाशी बसल्यागत वास येतो. मळीची वाईट न्हाई रं. फकस्त तिला विलायती म्हणू ने."

त्या दिवाळीत मेहुण्यांनी मुंबईहून विलायती बाटली आणली होती. जाणकार म्हणून मालकांनी हवालदारांना बोलावून घेतले. त्यांनी वास घेतला, पाणी घातले, घोट घेतला. सावकाश ग्लास संपवला आणि शेवटचे दोन थेंब तळहातावर चोळले.

"साहेब, बाटली विलायतेची हाय. आतलं आपल्याकडचं. कुणीतरी फसवलंय तुमास्नी."

मेहुणे उसळले. "चढलीय ह्याला! गेटवरचा माणूस मला शिकवतोय!"

मालक मधूनमधून आत-बाहेर करत होते. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सगळं मोजता. किती झाले ह्याचे?"

त्या महिन्यात माझ्या बढतीचा कागद मालकांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. मी म्हणालो, "तीन. चार असतील."

माझ्या आकड्यावर कोणी शंका घेत नसे. हवालदारांनी माझ्याकडे एकदा पाहिले, टोपी उचलली आणि मालकांना सलाम ठोकून ते निघाले. पावले सरळ पडत होती. दुसऱ्या दिवसापासून गेटवर नवा माणूस होता. पिऊन मालकाच्या घरी तमाशा केला, ही बातमी कामगारांच्या सायकलींवरून आठवड्यात कुंडलला पोहोचली. हवालदारांनी तो एक पेगही सोडल्याचे माझ्या कानावर आले. बढती मला मिळाली.

पुढच्या तीन वर्षांत मी दोनदा कुंडलला उतरलो आणि दोन्ही वेळा स्टँडवरूनच परतीची एसटी धरली. तिसऱ्यांदा घरापर्यंत गेलो, तेव्हा हवालदारांना जाऊन पंधरा दिवस झाले होते.

वहिनी सोप्यात शाळू निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी त्यांनी एकच घेतला होता. मी खोटं बोललो."

त्यांचा हात सुपात थांबला नाही. "मला ठावं हाय, भावजी. त्ये घरी आलं तवाच मी वास घेतला, एकाचाच व्हता. मलाबी त्येंनीच शिकिवलं व्हतं."

त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"पर तुमच्या तोंडनं ऐकायचं व्हतं त्यास्नी. एसटी थांबली की दाराकडं बघायचं."

मग त्या चहा ठेवायला उठल्या.