जिभेवरचं वजन

देवावर माझा विश्वास होता, पण हिचवर नव्हता. हिच म्हणजे ओढायचा जोड, पिकअपच्या मागे मोसंब्याएवढा एक लोखंडी गोळा असतो. त्यावर कॅम्परचं तोंड बसवायचं, खिट्टी लावायची, दोन साखळ्या खालून फुली करून अडकवायच्या आणि पलंग, शेगडी, फ्रिज, बाथरूम असं अख्खं घर त्या एका गोळ्याच्या भरवशावर हायवेने ओढत न्यायचं. आमच्या ह्यांना त्यात काही वाटायचं नाही. रिटायर झाल्यावर आम्ही कॅम्पर घेतला, तेव्हापासून चालवायचे ते. मी शेजारी बसून चहाचा थर्मास सांभाळायची आणि दत्तगुरूंचं नाव घ्यायची. अशी आमची कामाची वाटणी अगदी चोख होती. कधीतरी स्टिअरिंग माझ्या हातात येईल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

हे हाडाचे इंजिनियर. आमचा पिकअप काही मोठा मालवाहू ट्रक नाही, घरगुती वापराचा हलकाच आहे. विकणारा म्हणाला होता, हा काय वाटेल ते ओढेल. ह्यांनी त्याच्याकडे बघून गोड हसून ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि आतल्या कडेला चिकटवलेलं स्टिकर चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. मला म्हणाले, "ओढण्याचा प्रश्न नाही गं, पेलण्याचा आहे. आपण दोघं, सामान आणि कॅम्परचा जो भार हिचवर येईल तो, सगळं मिळून ह्या आकड्यात बसलं पाहिजे." त्या आकड्यापायी मला आवडलेला मोठा कॅम्पर, आत खोटी शेकोटी असलेला, हातचा गेला. आठवडाभर मी फुरंगटून बसले होते. आज तो हट्ट आठवला की ह्यांच्या त्या चष्म्यालाच नमस्कार करावासा वाटतो.

मग एका हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम आल्या. ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि तिकडे अ‍ॅशबर्नला आमच्या केतकीचं बाळ दिवस भरायच्या खूप आधी जन्माला आलं. इकडे आमच्या घरी मी ह्यांना कुशीवर वळवत होते आणि फोनच्या पडद्यावर काचेच्या पेटीतला, नळ्या लावलेला नातू बघत होते. ह्यांना तासाभरापेक्षा जास्त बसवत नव्हतं, विमान तर लांबच. गाडी चालवायची नाही, काही उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. त्या काळात मी नाम सोडलं नाही, पण खरं सांगते, ते कोरडं झालं होतं. ओठ हलायचे, मन मात्र हॉस्पिटलच्या वेळा मोजत असायचं. महाराज ऐकताहेत की नाही, असा विचार आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनात आला आणि त्याची मला भीती वाटली.

बाळ घरी आलं, थोडं बाळसं धरलं आणि बारसं ठरलं. तेव्हा हे पहिल्यांदा रडले. "मला त्याला हातात घ्यायचंय," एवढंच म्हणाले. जावई न्यायला येतो म्हणत होता, पण बाळाला आणि केतकीला सोडून तो कसा निघणार? उपाय दारातच उभा होता. कॅम्पर नेला की दर तासाभराने थांबून ह्यांना स्वतःच्या पलंगावर आडवं होता येणार होतं. फक्त तो ओढायला माणूस हवा होता, आणि घरात मी एकटीच होते.

शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये माझं शिक्षण सुरू झालं. हे वॉकर धरून उभे, आणि मी बासष्टाव्या वर्षी कॅम्पर मागे घ्यायला शिकतेय. उजवीकडे न्यायचा असेल तर स्टिअरिंग डावीकडे, हे पचायलाच मला दोन रविवार लागले. पण हे एकदाही चिडले नाहीत. टायरमधली हवा, आरशांचे कोन, उतारावर खालचा गिअर, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर, सगळं माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. आणि एक गोष्ट तर मंत्र दिल्यासारखी घोकून घेतली: "कॅम्पर डोलायला लागला तर पिकअपचा ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही. पाय काढायचा, चाक सरळ धरायचं आणि कॅम्परच्या ब्रेकची ही वेगळी कळ हाताने हळूच दाबायची." मी म्हटलं, "अहो, पण डोलेलच कशाला?" तेव्हा त्यांनी कॅम्परच्या पुढचा लोखंडी त्रिकोण दाखवला. त्याला म्हणे टंग म्हणतात, म्हणजे जीभ. कॅम्परच्या एकूण वजनाचा दहातला एक-दीड भाग तरी त्या जिभेवर पडायलाच हवा. जीभ हलकी राहिली की मागचं सगळं भरकटतं.

मला हसू आलं. जीभ हलकी असण्याबद्दल सासूबाई मला वेगळंच काही सांगायच्या.

आता माझी करणी सांगते. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात. त्याला न्हाऊ घालायचं, कुंची घालायची, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत पाळण्याखालून वरून फिरवायचा, म्हणजे बाळ तसंच दणकट होतं. केतकी फोनवर म्हणाली, "आई, सिरियसली? मिक्सरचं भांडं चालणार नाही का?" नाही चालणार. इतक्या लवकर आलेल्या बाळाला तर मुळीच नाही. माझ्या आईने दिलेला वरवंटा घरात होता. आणि पाटा-वरवंट्याची जोडी फोडायची नाही, म्हणून तो भलामोठा पाटाही घ्यायचा ठरला. शिवाय तांदळाची, गव्हाची पोती, डिंकाच्या लाडवांचे डबे, कुकर, पितळेची भांडी आणि देव्हारा. हे सोफ्यावरून म्हणाले, "जड सगळं पुढे, पलंगाखालच्या कप्प्यात." मी हो म्हटलं. पण प्रत्यक्ष सामान भरायची वेळ आली तेव्हा माझा हात थांबला. पलंगाखाली देव? झोपायच्या जागेखाली धान्य? ज्या पाट्याची आपण पूजा करतो, त्याच्यावर पाय करून झोपायचं? शेजारचे शिंदे पतिपत्नी मदतीला आले होते. त्यांना मी म्हटलं, "सगळं मागे ठेवा, किचनच्या खालच्या कप्प्यांत." किचन कॅम्परच्या अगदी शेपटाला आहे. ह्यांना वाकून बघता येत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. त्यात फसवणूक होती असं तेव्हा वाटलंच नाही, मला ते शुचिर्भूतपणाचं काम वाटत होतं.

गुरुवारी सकाळी निघालो. सपाट रस्त्यावर सगळं ठीक होतं. तासातासाने थांबत होतो, हे मागे जाऊन पडत होते, मी चहा करत होते. मेरीलँडचे डोंगर लागले आणि एका लांब उतारावर बाजूने एक मोठा ट्रक सुसाट गेला. त्याच्या वाऱ्याने कॅम्पर एकदा हलला. मग उलट्या बाजूला हलला, जरा जास्त. मग आरशात मला त्याची आख्खी बाजू दिसायला लागली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि पिकअपचं मागचं टोक त्याच्याबरोबर फरफटायला लागलं. शेजारी हे पट्ट्यात जखडलेले, मणक्यात नवे स्क्रू. माझं सगळं अंग ब्रेककडे धावलं. पाय पडणार, तेवढ्यात आवाज आला, शांत, जवळून: "पाय काढ."

मी पाय काढला. चाक सरळ धरलं आणि हाताने ती कळ दाबली. तोंडातून फक्त "दत्तगुरू" एवढंच निघालं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या नावात मी पूर्ण होते. मागे हॉस्पिटल नाही, पुढे बारसं नाही. कॅम्पर आणखी दोनदा झुलला, मग थोडा कमी, मग कण्हत कण्हत रांगेत आला. पुढे ट्रक थांबायची रुंद जागा होती, तिथे मी गाडी घेतली आणि हात स्टिअरिंगवरून सुटेनात. ह्यांना म्हटलं, "बरं झालं तुम्ही बोललात." हे पांढरेफटक झाले होते. म्हणाले, "मी? अगं, माझी तर वाचाच बसली होती." यावर आमचं अजूनही एकमत नाही. मी वाद घालत नाही.

आमच्या मागोमाग एक पिकअप तिथे येऊन थांबला. पूर्ण उतारभर दिवे लुकलुकत ठेवून त्याने मागची वाहनं थोपवून धरली होती, हे मला नंतर कळलं. त्यातून सत्तरीची, उंच, रबरी बूट घातलेली बाई उतरली. तिने आधी माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "फार छान सांभाळलंस. बरेच लोक ब्रेक मारतात." मग कॅम्परच्या शेपटाकडे बघत विचारलं, "टंगवर वजन किती ठेवलंयस?" तेव्हा मला रडू फुटलं. मी ह्यांच्यासमोर सगळं सांगून टाकलं, पाटा, पोती, देव, पलंग, सगळं. वाटलं, आता हे चिडतील आणि ती हसेल. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ती बाई मात्र गंभीरपणे विचार करत उभी राहिली, जणू रोजच तिला असा पेच पडतो. मग म्हणाली, "गादी गुंडाळून ठेवली, तर तो पलंग राहील का?"

इतकी साधी गोष्ट. गादी काढली की ती नुसती फळी, आणि फळीवर कोणी पाय करत नाही. हे माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले. आम्ही गादी गुंडाळून मागे टाकली. पोती तिने एकेक करून पुढच्या कप्प्यात नेली. पाटा उचलताना ती जरा कण्हली, पण मला हात लावू दिला नाही. वरवंटा कशासाठी ते मी सांगितल्यावर तिने तो बाळ घेतात तसा कोपरात घेतला आणि त्याच्याशी काहीतरी पुटपुटत चालत पुढे नेला. देव्हारा मी पिकअपमध्ये घेतला, मागच्या सीटवर, पट्टा लावून. हे उभ्याउभ्या सांगत होते, काय कुठे ठेवायचं, आणि ती "येस, सर" म्हणत ऐकत होती. एकमेकांचं काम कळणारी दोन माणसं बोलताना बघायला फार छान वाटतं.

सगळं झाल्यावर ती म्हणाली, पुढचे उतार मला पाठ आहेत, मी पुढे राहते, मी हळू झाले की तू गिअर उतरव. ती तिच्या गाडीकडे गेली तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. पिकअपच्या खिडकीतून दोन कुत्री बाहेर बघत होती. मागे गुरं न्यायचा ट्रेलर होता, आणि त्याच्या फटीतून एक तांबूस गाय शांतपणे रवंथ करत आमच्याकडे पाहत होती. गुरुवार होता. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. हे देवाधर्मातले फारसे नाहीत, पण हळूच म्हणाले, "कुत्री दोनच आहेत हं." चार असती तर मी तिथेच लोटांगण घातलं असतं.

ती काही अंतर्धान वगैरे पावली नाही. तिचं नाव लोरेटा, पेनसिल्व्हेनियात तिचं घर आहे, ती गाय बहिणीकडे पोचवायला निघाली होती, आणि नाताळात ती आम्हाला त्याच गाईचा फोटो पाठवते. डोंगर संपेपर्यंत ती आमच्या पुढे होती. माझा कॅम्पर मागून असा मुकाट येत होता की तो आहे हेच मी मधून मधून विसरत होते. नाम चालू होतं. ते कोरडं नव्हतं.

गादी गुंडाळल्यावर वाटेत आडवं होता आलं नव्हतं, त्यामुळे अ‍ॅशबर्नला जावयाने दार उघडायच्या आधीच हे थकून गेले होते, आत चालत जाणं शक्य नव्हतं. आम्ही गादी पुन्हा अंथरली आणि ह्यांना कॅम्परमध्येच पुढच्या पलंगावर आडवं केलं. खाली कप्प्यात पाटा-वरवंटा, पोती, सगळं तसंच होतं, पण त्या वेळी ते माझ्या लक्षातही आलं नाही. केतकी बाळाला घेऊन पायऱ्या चढून आत आली आणि तिने त्याला ह्यांच्या छातीवर ठेवलं. एवढंसं ते बाळ. त्याने मूठ उघडली आणि ह्यांच्या शर्टाचं बटण धरलं. ह्यांनी त्याच्या पाठीवर तळहात ठेवला. मग छताकडे बघत, डोळ्यांतून पाणी वाहू देत म्हणाले, "आता टंगवर बरोबर वजन आहे."

बारसं झालं. वरवंटा कुंची घालून पाळण्यात झोपला, मग बाळ झोपलं. शरण जाणं म्हणजे सगळं सोडून देणं, असं मी इतकी वर्षं समजत होते. तसं नाही. चाक सरळ धरायचं असतंच, सोडायचा असतो तो फक्त आपला पाय. दर गुरुवारी देवापुढे बसते तेव्हा आधी थोडी थांबते आणि जिभेवर वजन आहे का ते बघते. असेल तर मागचं सगळं आपोआप रांगेत येतं. नसेल तर मी त्या तांबूस गाईचं तोंड आठवते, आणि मग नाव घेते.