सहा मिनिटांचा तास

बावीस वर्षं वॉर्डात काढल्यावर मला कुणी शिकवायला शिकवावं, हेच मुळी मला पटत नव्हतं. पण गुडघे रात्रपाळीला नाही म्हणू लागले होते. नर्सिंग कॉलेजात ट्यूटरची जागा हवी, तर मायक्रोटीचिंगचा आठवडा पार पाडणं भाग होतं. सहा मिनिटं शिकवायचं, सहकाऱ्यांनी विद्यार्थी होऊन बसायचं, मग चुका सांगायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा शिकवायचं. तेव्हाही जमलं नाही तर परत वॉर्ड.

माझ्या वाट्याला आलं प्रश्न विचारण्याचं कौशल्य. विषय इंजेक्शनचा, म्हणजे माझ्या हातचा मळ. धडाधड बोलले आणि खूश होऊन बसले. घड्याळ लावून बसलेल्या परीक्षक मॅडमनी शांतपणे सांगितलं, की मी सात प्रश्न विचारले आणि सातही उत्तरं मीच दिली. माझा पारा चढला. वॉर्डात उत्तराची वाट बघत बसलं तर पेशंटचं काय होईल, असं सुनावूनच मी बाहेर पडले.

घरी येऊन बारावीतल्या मुलीला सगळं सांगितलं. तुला तरी पटतं का हे, असं विचारलं आणि लगेच म्हटलं, नाहीच पटणार.

ती हसली. "आई, घरी पण तू असंच करतेस. सवाल तुझा आणि जवाब पण तुझाच."

फार लागलं मला ते, कारण खरं होतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, सुई टोचण्याआधी सगळ्यात पहिलं काय कराल? आणि गप्प राहिले. उत्तर ओठांवर आलं होतं. टेबलाखाली बोटं मोजत होते. आठव्या बोटाला मागच्या बाकावरून एक नवी, हिंदी भाषक ट्यूटर बोलली, आठवडाभर दुसऱ्यांच्या तासाला तोंड न उघडलेली. पेशंटला त्याचं नाव विचारायचं, म्हणाली, आपण नाव घेऊन 'तुम्हीच ना' असं नाही. "घबराया हुआ मरीज तो किसी के भी नाम पर हाँ कर देता है."

दाखवायला आणलेली सिरिंज मी बाजूला सारली. घाईच्या दिवशी किती जणांची नावं मीच घेतली होती, आणि मान हलली की सुई टोचली होती. नशीब, कुणाचं काही बिघडलं नाही. मॅडम पास म्हणाल्या, ते मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

संध्याकाळी मुलीला विचारलं, बारावीनंतर तुला काय करायचं आहे. नर्सिंग, असं मी परस्पर सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. मी पुन्हा बोटं मोजू लागले, आठ झाली तरी मोजतच राहिले.